आरोग्यविषयक जीवनगुणवत्तेच्या प्रश्नावल्या आणि मराठी : यथार्थतेच्या शोधाचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : विदर्भ)

सारांश

रुग्णाच्या शरीरातील बिघाड यंत्राने मोजता येतो. परंतु त्या बिघाडासह तो कसा जगतो हे त्यालाच विचारावे लागते. या विचारण्याला शास्त्रीय शिस्त लावण्याच्या प्रयत्नांतून गेल्या सुमारे पन्नास वर्षांत आरोग्यविषयक जीवनगुणवत्तेच्या प्रश्नावल्या निर्माण झाल्या. त्यांपैकी बहुतेक युरोप-अमेरिकेत तयार झाल्या व नंतर इतर भाषांत गेल्या. एका संस्कृतीत घडलेली प्रश्नावली दुसऱ्या संस्कृतीत तीच गोष्ट मोजते काय, हा यथार्थतेचा प्रश्न आहे. वसाहतकालीन जनगणना, बुद्धिमापन चाचण्यांचे मराठी रूपांतर, मुंबईतील कुष्ठरोगविषयक संशोधन, जागतिक आरोग्य संघटनेचा प्रकल्प, टाटा स्मारक रुग्णालयातील मराठी प्रश्नावल्या आणि विदर्भातील स्त्री-आरोग्य व सिकलसेल यांचे अभ्यास या टप्प्यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहास मांडला आहे. यथार्थतेची कसोटी शब्द, प्रसंग आणि अपेक्षा अशा तीन पातळ्यांवर घ्यावी लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : जीवनगुणवत्ता, प्रश्नावली, यथार्थता, समतुल्यता, उलट भाषांतर, सिकलसेल, विदर्भ.

प्रस्तावना

'तब्येत कशी आहे?' या प्रश्नाला मराठी माणूस बहुधा 'बरी आहे' असे उत्तर देतो. हे उत्तर शिष्टाचाराचे आहे की प्रकृतीचे, हे विचारणारा व सांगणारा यांच्या नात्यावरून ठरते. घरच्या माणसाला दिलेले 'बरी आहे' आणि शासकीय रुग्णालयातील अपरिचित डॉक्टरला दिलेले 'बरी आहे' यांचा अर्थ एक नसतो. व्यवहारात आपण हा फरक सहज ओळखतो. मात्र तेच उत्तर छापील प्रश्नावलीत आकडा म्हणून नोंदले गेले की हा फरक नाहीसा होतो आणि आकडा तेवढा शिल्लक राहतो.

आज अशा आकड्यांना मोठे महत्त्व प्राप्त झाले आहे. नवीन औषध उपयुक्त आहे किंवा नाही, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे जगणे सुधारले काय, सार्वजनिक निधी कोणत्या उपचारावर खर्च करावा, अशा निर्णयांत जीवनगुणवत्तेचे गुणांकन विचारात घेतले जाते. म्हणूनच ही मोजणी कोणाच्या भाषेत आणि कोणाच्या जीवनपद्धतीवर आधारलेली आहे हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा राहत नाही. तो भाषाशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र व इतिहास या सर्व विषयांच्या अध्यापकांच्या आस्थेचा आहे.

येथे संज्ञेसंबंधी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत 'जीवनमान' हा शब्द रूढ आहे. पण त्यातून उत्पन्न, घर, अन्न, वस्त्र अशा भौतिक स्थितीचा बोध होतो. प्रस्तुत संकल्पनेत माणसाने स्वतःच्या जगण्याविषयी केलेले आकलन अभिप्रेत आहे. त्यामुळे या लेखात 'जीवनगुणवत्ता' हा शब्द योजला आहे. तो बोलीतला नाही, आणि मुळात ही संकल्पनाच एका शब्दात पकडणारा बोलीतला शब्द आपल्याकडे नाही. पुढील विवेचनाची सुरुवात याच अडचणीपासून होते.

१. जनगणनेतील व्यंगांची नोंद : शब्दाची पहिली अडचण

आरोग्याविषयी एकच प्रश्न अनेक भाषांतील लाखो लोकांना विचारण्याचा भारतातील मोठा प्रयोग म्हणजे ब्रिटिश काळातील जनगणना होय. १८८१ ते १९३१ या काळातील जनगणनांत वेड, जन्मजात मूकबधिरता, अंधत्व आणि कुष्ठरोग या चार व्यंगांची नोंद घेतली जात असे. प्रगणकांना दिलेल्या सूचनांत एका डोळ्याने अंध असलेल्यांची नोंद करू नये, तसेच केवळ पांढरे डाग असलेल्यांना कुष्ठरोगी म्हणून लिहू नये, असे बजावलेले असे. अशी सूचना द्यावी लागली यावरून घोटाळा किती व्यापक होता याची कल्पना येते.

नागपूर हे मध्य प्रांताच्या राजधानीचे शहर होते. या प्रांतात हिंदी व मराठी भाषिक जिल्हे एकाच प्रशासनाखाली होते. हिंदीतील 'कोढ़' म्हणजे कुष्ठरोग. मराठीतील 'कोड' म्हणजे त्वचेवरील पांढरे डाग. दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत 'कुष्ठ' हेच. एका भाषेत जो शब्द हातापायांची बोटे झडविणाऱ्या रोगाचा वाचक आहे, तोच शेजारच्या भाषेत वेदनारहित व निराळ्या त्वचाविकाराचा वाचक ठरतो. मराठीत कुष्ठरोगासाठी 'महारोग' व 'रक्तपिती' हे शब्द प्रचलित होते. दोन्ही भाषा जाणणाऱ्या प्रगणकाने घरोघर फिरून विचारलेल्या एका शब्दाने दोन भिन्न रोगांची बेरीज होण्याचा धोका येथे होता.

आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा आशयगत समतुल्यतेचा प्रश्न होय. शब्द सारखा असूनही अर्थ वेगळा असणे ही अडचण आजही संपलेली नाही. हिंदी प्रश्नावलीवरून मराठी प्रश्नावली तयार करताना 'त्रास', 'संसार' यांसारखे शब्द फसवे ठरतात. हिंदीतील 'संसार' म्हणजे जग, मराठीतील 'संसार' म्हणजे प्रपंच. हिंदीतील 'त्रास' भीतीकडे झुकतो, मराठीतील 'त्रास' पीडेकडे. नागपूरसारख्या द्विभाषिक शहरात, जेथे रुग्ण एका वाक्यात दोन्ही भाषा वापरतो, तेथे या फरकाची विशेष दखल घ्यावी लागते.

२. बुद्धिमापनाचे मराठी रूपांतर : प्रसंगाची अडचण

परकीय मापनी मराठीत आणताना केवळ भाषांतर पुरत नाही, याची जाणीव महाराष्ट्रातील मानसशास्त्रज्ञांना आरोग्य-प्रश्नावल्यांच्या कितीतरी आधी झाली होती. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमोन यांनी १९०५ मध्ये बालकांच्या बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. तिचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर धारवाड येथे व्ही. व्ही. कामत यांनी केले. त्यांचा 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

या कार्याचे महत्त्व बुद्ध्यंकाच्या कल्पनेत नसून कार्यपद्धतीत आहे. मूळ चाचणीतील प्रश्न फ्रेंच मुलाच्या परिसरावर बेतलेले होते. नाणी ओळखणे, महिन्यांची नावे क्रमाने सांगणे हे प्रश्न वरवर साधे वाटतात. पण नाणी कोणती आणि महिने कोणते? जानेवारी-फेब्रुवारी की चैत्र-वैशाख? शाळेत जाणारे मूल पहिले सांगेल, घरी सणवार पाहणारे मूल दुसरे. प्रश्नाचा शब्दशः अनुवाद अचूक असूनही मुलाची बुद्धी मोजली न जाता त्याचा शाळेशी असलेला परिचय मोजला जाईल. म्हणून प्रश्न बदलावे लागतात, नव्याने क्रम लावावा लागतो आणि स्थानिक मुलांच्या मोठ्या न्यादर्शावर पुन्हा प्रमाणीकरण करावे लागते. धारवाडच्या कार्यात ही दृष्टी स्वीकारली गेली होती.

आरोग्य-प्रश्नावल्यांत हीच अडचण पुढे पुन्हा उद्भवली. अमेरिकेत रँड संस्थेच्या वैद्यकीय निष्पत्ती अभ्यासातून साकारलेली आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली छत्तीस प्रश्नांची 'एसएफ-३६' ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून टेबल सरकविणे, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे, गोल्फ खेळणे अशी कामे येतात आणि चालण्याचे अंतर शहरातील इमारतींच्या चौकांवरून सांगितले जाते. वर्धा जिल्ह्यातील शेतमजूर स्त्रीला याऐवजी काय विचारावे? विहिरीवरून वा हापशीवरून पाण्याची घागर आणणे, निंदण करणे, कापूस वेचणे, उकिडवे बसून भाकरी थापणे ही तिची कामे होत. गुडघ्याच्या विकारात गोल्फचा प्रश्न निरर्थक ठरतो, तर उकिडवे बसण्याचा प्रश्न निर्णायक ठरतो. तथापि, प्रश्न बदलला की मूळ प्रश्नावलीशी तुलना करता येण्याची शक्यता कमी होते. तुलना हवी की यथार्थता हवी, हा पेच या क्षेत्रात आरंभापासून आहे.

३. डॉक्टरच्या निरीक्षणाकडून रुग्णाच्या निवेदनाकडे

जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ पासून अंमलात आली. तीत आरोग्याची व्याख्या केवळ रोगाचा अभाव अशी न करता शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य अशी करण्यात आली. व्याख्या व्यापक झाली, परंतु मोजण्याची साधने मर्यादितच राहिली. त्याच सुमारास डेव्हिड कार्नोफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी शून्य ते शंभर अशी कार्यक्षमतेची मापनी प्रचारात आणली. रुग्ण स्वतःची कामे करू शकतो काय, त्याला किती मदत लागते, हे त्यात पाहिले जाते. मात्र गुण देणारा डॉक्टर असतो.

रुग्णानेच उत्तर द्यावे हा विचार १९७० नंतर दृढ झाला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या युरोक्वॉल गटाने चालणे-फिरणे, स्वतःची निगा, नेहमीची कामे, वेदना आणि चिंता-औदासीन्य या पाच अंगांवर आधारित अत्यंत संक्षिप्त प्रश्नावली तयार केली. कर्करोगासाठी युरोपीय संशोधन संस्थेने तयार केलेली 'क्यूएलक्यू-सी३०' ही तीस प्रश्नांची प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्वचारोगासाठी दहा प्रश्नांचा निर्देशांक १९९४ मध्ये आला. या साऱ्या प्रश्नावल्या अल्पावधीत जगभर पसरू लागल्या आणि त्यांच्या भाषांतराचे नियम बांधण्याची गरज निर्माण झाली.

या नियमांचा गाभा म्हणजे उलट भाषांतर. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये त्याची पद्धतशीर मांडणी केली. मूळ इंग्रजी प्रश्न एकाने मराठीत आणावा, मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्याने तो पुन्हा इंग्रजीत न्यावा आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहावेत, असे तिचे स्वरूप आहे. १९९३ मध्ये गियमँ, बोम्बार्दिए व बीटन यांनी आरोग्य-प्रश्नावल्यांच्या रूपांतरासाठी मार्गदर्शक तत्त्वे मांडली. त्यांत तज्ज्ञ समितीचा विचार व रुग्णांवरील पूर्वचाचणी यांना स्थान मिळाले. १९९८ मध्ये हर्डमन व सहकाऱ्यांनी समतुल्यतेचे संकल्पना, प्रश्न, अर्थ, कार्यवाही, मापन व उपयोग असे प्रकार वेगळे करून दाखविले.

उलट भाषांतराची एक मर्यादा मराठीच्या संदर्भात ठळकपणे जाणवते. 'फटीग' या शब्दासाठी सुशिक्षित अनुवादक 'थकवा' लिहितो आणि दुसरा सुशिक्षित अनुवादक 'थकवा' पाहून पुन्हा 'फटीग' लिहितो. दोन्ही पाठ तंतोतंत जुळतात. परंतु विदर्भातील ग्रामीण रुग्ण 'कमजोरी आहे', 'अंग गळून जाते' असे सांगतो; त्याच्या लेखी थकवा हा दिवसभराच्या श्रमानंतर येणारा आणि झोपेने जाणारा असतो. उलट भाषांतराने दोन अनुवादकांतील सहमती सिद्ध झाली, रुग्णाशी झालेली सहमती सिद्ध झाली नाही. वेदनेबाबतही हेच घडते. ठणकणे, ठसठसणे, सलणे, कळ येणे, चमक निघणे, आग होणे हे मराठीतील भेद रुग्ण अचूकपणे वापरतो. 'वेदना' हा एकच संस्कृत शब्द त्या सर्वांवर पांघरूण घालतो.

४. मुंबईतील कुष्ठरोग-अभ्यास : रुग्णाचे स्पष्टीकरण

परकीय प्रश्नावली आणून तिचे रूपांतर करण्याऐवजी रुग्णाच्या स्वतःच्या आकलनातून प्रश्न तयार करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. मिचेल वाइस यांनी दि. रा. दुंगाजी प्रभृती मुंबईतील मानसोपचारतज्ज्ञांसह कुष्ठरोग व मानसिक आरोग्य यांचा अभ्यास केला. त्यातून साकारलेल्या मुलाखत-पद्धतीचे विवेचन १९९२ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिॲट्री'त प्रसिद्ध झाले. या पद्धतीत रुग्णाला होणारा त्रास, त्याने त्या त्रासाचे मानलेले कारण, घेतलेले उपचार आणि समाजाकडून मिळालेली वागणूक यांविषयी खुले व बंदिस्त असे दोन्ही प्रकारचे प्रश्न विचारले जातात. त्यामुळे आकडाही मिळतो आणि आकड्यामागील कथनही जपले जाते.

या अभ्यासात तुलनेसाठी निवडलेले रुग्ण विशेष लक्षणीय आहेत. एक गट पांढरे कोड असलेल्यांचा होता, म्हणजे ज्यांना संसर्गाचा दोष नसूनही समाजाचा तिटकारा सोसावा लागतो अशांचा. दुसरा गट कलंक नसलेल्या साध्या त्वचाविकाराचा होता. जनगणनेला ज्या दोन विकारांची गल्लत टाळावयाची होती, तेच दोन विकार येथे जाणीवपूर्वक शेजारी ठेवून शरीराचे दुखणे व समाजाने दिलेले दुखणे वेगळे करून पाहिले गेले. विदर्भाच्या दृष्टीने हा अभ्यास महत्त्वाचा आहे. वर्ध्याजवळील दत्तपूरचे कुष्ठधाम, १९४९ पासूनचे वरोऱ्याचे आनंदवन आणि १९५१ मध्ये वर्धा येथे कार्यारंभ केलेले गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान यांच्या कार्यातून हेच सत्य प्रत्ययास आले होते की, जिवाणू नष्ट झाल्यावरही रुग्णाचे जगणे पूर्ववत होत नाही.

गोव्यातील संशोधनानेही या विचाराला पुष्टी दिली. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्यसेवेतील मानसिक विकार ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पाच प्रश्नावल्यांची तुलना करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जगन्मान्य प्रश्नावली आहे म्हणून ती स्वीकारावी असे न मानता, तिची गोव्यातील रुग्णांवर स्वतंत्र मुलाखतीशी ताडून परीक्षा घेतली गेली, हा या कार्याचा धडा आहे.

५. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रकल्प व भारतीय भाषा

१९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीवनगुणवत्ता-मापनाचा प्रकल्प हाती घेतला. एका देशात प्रश्नावली तयार करून इतरांनी तिचे भाषांतर करावे ही रीत तिने सोडली आणि पंधरा केंद्रांत एकाच वेळी प्रश्नांची निर्मिती केली. त्यांत मेलबर्न, पॅरिस, टोकियो, बँकॉक, हरारे, सेंट पीटर्सबर्ग यांच्यासह नवी दिल्ली व मद्रास ही दोन भारतीय केंद्रे होती. संस्कृती आणि मूल्यव्यवस्था यांच्या संदर्भात, स्वतःची ध्येये, अपेक्षा व चिंता लक्षात घेऊन व्यक्तीने आपल्या जीवनस्थितीविषयी केलेले आकलन, अशी जीवनगुणवत्तेची व्याख्या येथे स्वीकारण्यात आली. पूर्वचाचणीतील २३६ प्रश्नांतून १०० प्रश्नांची व पुढे २६ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली तयार झाली. शेखर सक्सेना व सहकाऱ्यांनी हिंदी आवृत्तीचे विवेचन १९९८ मध्ये प्रसिद्ध केले.

या प्रकल्पातील एक कार्यपद्धती भाषाभ्यासकांनी आवर्जून पाहण्यासारखी आहे. उत्तरांच्या श्रेणीतील शब्द भाषांतरित केले गेले नाहीत. 'मुळीच नाही' व 'अत्यंत' अशी दोन टोके असलेली दहा सेंटिमीटरची रेषा लोकांसमोर ठेवून मधले शब्द तिच्यावर कोठे बसतात हे त्यांनाच दाखविण्यास सांगितले गेले. पाव, अर्धा व पाऊण अंतरावर जे शब्द पडले ते त्या भाषेच्या श्रेणीत घेतले गेले. मराठीत 'थोडेफार', 'काहीसे', 'बऱ्यापैकी', 'बरेचसे' यांचा क्रम कोणता, हे शब्दकोशावरून ठरत नाही. 'बऱ्यापैकी' हा शब्द काहींना समाधानाचा तर काहींना जेमतेम वाटतो. अशा वेळी रेषेची ही साधी युक्ती विद्वत्तेपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते.

मराठी ही त्या आरंभीच्या पंधरा केंद्रांची भाषा नव्हती. त्यामुळे मराठी प्रश्नावल्या प्रामुख्याने रूपांतराच्या मार्गाने आल्या. या बाबतीत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे कार्य उल्लेखनीय आहे. युरोपीय संस्थेच्या कर्करोग-प्रश्नावलीच्या हिंदी व मराठी आवृत्त्या तेथे रुग्णांवर तपासण्यात आल्या. स्तनाच्या तसेच डोके व मान यांच्या कर्करोगाविषयीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

डोके व मान यांच्या कर्करोगाची प्रश्नावली विदर्भाशी जवळून संबंधित आहे. तंबाखू, सुपारी व चुना यांचा खर्रा खाण्याची सवय नागपूर परिसरात खोलवर रुजलेली आहे आणि तोंड न उघडणे ही तक्रार येथील दंतवैद्यकांना नित्याची आहे. या प्रश्नावलीत गिळणे, बोलणे, तोंड उघडणे, कोरडे तोंड यांबरोबर कुटुंबीयांसमोर व इतरांसमोर जेवताना वाटणारी अडचण विचारली जाते. शब्दांत हा प्रश्न सहज मराठीत येतो. पण ज्या घरात स्त्री सर्वांना वाढून झाल्यावर एकटीच जेवते, तेथे 'काहीच अडचण नाही' या उत्तराचा अर्थ काय घ्यावा? तिला अडचण नाही की तो प्रसंगच तिच्या वाट्याला येत नाही? उलट, लग्नाच्या पंगतीला जाणे तिने बंद केले असेल तर तेच तिच्या जगण्यातील खरे नुकसान असते. लैंगिक जीवनाविषयीच्या प्रश्नांचेही असेच आहे. प्रश्न कोण विचारतो, शेजारी सासू बसली आहे काय, उत्तर लिहावयाचे की सांगावयाचे, यावर उत्तर अवलंबून असते. निरक्षर रुग्णाच्या बाबतीत स्वयंपूर्ती प्रश्नावली ही मुलाखत बनते आणि मुलाखतकाराचा स्वर हा मापनाचा भाग होतो. कार्यवाहीची समतुल्यता म्हणतात ती हीच.

६. अपेक्षेची अडचण : गडचिरोलीचा पुरावा

शब्द योग्य निवडला, प्रसंग स्थानिक घेतला, तरी एक प्रश्न उरतो. ज्याने दुखण्याशिवायचे जगणे पाहिलेच नाही, तो स्वतःच्या दुखण्याला किती गुण देईल?

राणी बंग व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. विचारल्यावर ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रारी सांगितल्या. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक विकार आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ५५ आणि ९२ यांमधील अंतर अनेक कारणांनी निर्माण झाले असेल. काही विकार लक्षणांशिवायही असतात. तरीही लाज, उपचाराविषयीची निराशा आणि 'बाईच्या जातीला हे असायचेच' ही धारणा यांचा त्यात वाटा नाही असे म्हणता येणार नाही.

अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील लेखात हाच मुद्दा राज्यांच्या तुलनेने मांडला. आयुर्मानात सर्वांत पुढे असलेल्या केरळात लोक स्वतःच्या आजारपणाची नोंद सर्वाधिक करतात, तर मागासलेल्या बिहारमध्ये ती नोंद कमी आढळते. शिक्षण व आरोग्यसेवा लाभलेला समाज आजार ओळखतो, त्याला नाव देतो आणि तो सहन न करण्याची अपेक्षा बाळगतो.

जीवनगुणवत्तेच्या मापनावर याचा परिणाम गंभीर आहे. केवळ आत्मनिवेदनावर आधारलेल्या गुणांकनात वंचित समूह सुखी दिसू शकतो आणि त्यामुळे त्याचा हक्काचा निधी दुसरीकडे जाऊ शकतो. याचा अर्थ रुग्णाला विचारू नये असा नव्हे. डॉक्टरच्या निरीक्षणाकडे परत जाणे म्हणजे मिळविलेले गमावणे होय. आत्मनिवेदन व वैद्यकीय तपासणी ही दोन्ही शेजारी ठेवावीत आणि त्यांतील अंतरालाच माहिती मानावे, हा गडचिरोलीच्या अभ्यासाचा बोध आहे.

७. सिकलसेल : विदर्भापुढील कसोटी

या विवेचनाची आजची निकड सिकलसेल आजारात दिसते. भारतात या आजाराच्या जनुकीय दोषाची नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातील नोंद शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. पूर्व विदर्भातील अनुसूचित जाती व जमातींमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. भारतीय रुग्णांत गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक असल्याने येथील आजार सौम्य असतो असा समज दीर्घकाळ होता. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांच्या अनुभवाने तो सर्वांना लागू होत नाही हे दाखवून दिले. नागपूरचे संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न समाजापुढे आणला. रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील अर्चना पटेल व पठाण यांनी सिकलसेलग्रस्त बालकांच्या जीवनगुणवत्तेचा अभ्यास केला आणि तो २००५ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ पेडियाट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला. हा आजार नसलेल्या बालकांशी तुलना करता रुग्ण बालकांची जीवनगुणवत्ता खालावलेली आढळली. रक्तातील हिमोग्लोबिनच्या आकड्यापलीकडे जाऊन मुलाच्या जगण्याकडे पाहण्याचा नागपुरातील हा महत्त्वाचा प्रयत्न होय.

सिकलसेलच्या संदर्भात वर सांगितलेल्या तिन्ही अडचणी एकत्र येतात. पहिली शब्दाची. पूर्व विदर्भातील रुग्ण नागपुरी वा झाडीबोली बोलतो, गडचिरोलीत गोंडी वा माडिया बोलतो. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा आहे. मेळघाटातील कोरकू मुंडा कुळातील आहे. पुणेरी प्रमाण मराठीतील प्रश्नावली त्यांच्यासाठी दुसऱ्या भाषेतील प्रश्नावलीच ठरते.

दुसरी अडचण प्रसंगाची व काळाची. कर्करोगाची प्रश्नावली गेल्या आठवड्याविषयी विचारते, जागतिक आरोग्य संघटनेची गेल्या दोन आठवड्यांविषयी, एसएफ-३६ गेल्या चार आठवड्यांविषयी. सिकलसेलची तीव्र कळ अनपेक्षितपणे येते आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात मूल निरोगी दिसू शकते. शांत आठवड्यात विचारलेल्या प्रश्नाला 'त्रास नाही' हे उत्तर खरे असूनही ते त्या मुलाच्या वर्षाचे चित्र नसते. बुडालेली शाळा, सोडलेली परीक्षा, आईची बुडालेली मजुरी, 'पुन्हा केव्हा येईल' ही सततची धास्ती यांना स्वतंत्र स्थान द्यावे लागते. कालावधी विचारतानाही 'गेल्या चार आठवड्यांत' याऐवजी आठवडी बाजार, पोळा, दिवाळी अशा खुणांचा आधार घेतला तर स्मरण अधिक नेमके होण्याची शक्यता आहे. विवाह हा आणखी एक प्रसंग होय. वाहक असल्याचे कळल्याने मुलीचे लग्न मोडेल ही भीती परदेशी प्रश्नावलीत सापडणार नाही.

तिसरी अडचण अपेक्षेची. ज्या घरात दोन-तीन भावंडांना हाच आजार आहे, तेथे हातपाय दुखणे हे घरचेच झालेले असते.

या मापनाचे परिणाम आता प्रत्यक्ष व्यवहारात उमटतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला; २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. आरोग्य-तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनासाठी उपयुक्त असा युरोक्वॉल प्रश्नावलीचा भारतीय मूल्यसंच २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांनी दिलेल्या मूल्यांवर आधारलेला संच उपलब्ध होणे ही मोठी प्रगती आहे. मात्र पाच अंगांच्या या प्रश्नावलीत अनिश्चिततेची धास्ती वा सामाजिक कलंक यांना स्वतंत्र जागा नाही. केवळ किती जणांची रक्ततपासणी झाली या आकड्यावर अभियानाचे यश ठरविले गेले, तर आज जगत असलेल्या रुग्णांचे जगणे सुधारले काय हा प्रश्न अनुत्तरित राहील.

निष्कर्ष

१. प्रश्नावलीची यथार्थता हा तिचा कायमचा गुण नसून विशिष्ट भाषा, समूह व उपयोग यांच्या संदर्भात पुन्हा पुन्हा सिद्ध करावयाची बाब आहे.

२. ही सिद्धता शब्द, प्रसंग व अपेक्षा अशा तीन पातळ्यांवर हवी. उलट भाषांतर पहिल्या पातळीचा काही भागच तपासते. अंतर्गत सुसंगतीचे गुणांक उत्तरे परस्परांशी जुळतात एवढेच सांगतात. ती जगण्याशी जुळतात काय हे सांगत नाहीत.

३. महाराष्ट्राला या प्रश्नाची स्वतःची परंपरा आहे. धारवाडचे रूपांतरकार्य, मुंबईचा कुष्ठरोग-अभ्यास, टाटा रुग्णालयाच्या मराठी प्रश्नावल्या, गडचिरोली व नागपूर येथील संशोधन हे तिचे टप्पे होत. ते वेगवेगळ्या विद्याशाखांत विखुरलेले असल्याने एकत्र वाचले जात नाहीत.

४. विदर्भातील सिकलसेल रुग्णांसाठी स्थानिक बोलींतील शब्दसंग्रहापासून आरंभ करून प्रश्नावली तयार होणे आवश्यक आहे. हे काम एकट्या वैद्यकीय महाविद्यालयाचे नाही. मराठी विभागाने दुखण्याचे बोलीतील शब्द गोळा करावेत, समाजशास्त्र व गृहअर्थशास्त्र विभागाने दैनंदिन कामांची नोंद करावी, मानसशास्त्र विभागाने श्रेणीतील शब्दांचा क्रम तपासावा, संख्याशास्त्र विभागाने न्यादर्श व विश्लेषण पाहावे. त्या त्या समाजातील विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांत शिकत आहेत. मुलाखतकार म्हणून त्यांच्याइतका योग्य माणूस बाहेरून आणता येणार नाही. हे काम पदव्युत्तर प्रकल्पांच्या स्वरूपात महाविद्यालयांच्या सध्याच्या साधनांतही सुरू करता येण्यासारखे आहे.